व्हायोलिनच्या आकाराचा बेस

मार्केट यार्डात दिवसभर गुळाच्या ढेपा मोजणाऱ्या माणसाला बेस गिटारचं वेड कसं लागलं, हे कोडं आमच्या घरात अजून सुटलेलं नाही. (बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती चटकन कळत नाही, पण काढली तर गाणं पांगळं होतं.) त्यातही मला हवा तो हॉफ्नरचा, व्हायोलिनच्या आकाराचा. बाकीचे बेसवाले त्याला खेळणं म्हणतात. म्हणोत बापडे!

पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो घेतला. पठ्ठ्या डावखुरा, दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. पण आकार ही नुसती ऐट नव्हे. हॉफ्नरचा मूळ धंदाच १८८७ पासून व्हायोलिनचा. म्हणून १९५५-५६ मध्ये त्यांनी बेसही तसाच घडवला, पोकळ आणि हलका. त्याचा सूर गोल येतो, घुमतो आणि पटकन विरतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा काय शोभेला असतो?

मॅकार्टनीचा तो बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला. तो एका घराच्या माळ्यावर सापडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. एवढी वर्षं लोक शोधत होते, खेळण्यासाठी कोण शोधतं हो?

चिरंजीव म्हणतात, साधा घ्या, कुठेही चालतो. चालत असेल. माझे साठवलेले पैसे हॉफ्नरलाच जाणार. (सौ. वाचत असल्यास: दिवाळीनंतर!)