पक्षी पाहायला जायचे, पण केव्हा?

आमच्या शाळेची सहल दरवर्षी देवाला नाही तर किल्ल्याला जाते. यंदा पहिल्यांदाच ती पाखरांकडे जाणार आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला. गुरुजींनी फळ्याशेजारी दोन तारखांचा कागद लावला आहे. एक दिवाळीची सुटी संपल्याबरोबरची, दुसरी २६ जानेवारीचे झेंडावंदन झाल्यावरच्या शनिवार-रविवारची. बहुतेकांना पहिलीच हवी, कारण दम निघत नाही. माझे मत मात्र दुसरीच्या बाजूने आहे.

दिवाळीनंतर आपल्याकडे कापसाचा वेचा जोरात असतो. त्या दिवसांत वर्गातली किती मुले आईसोबत वावरात असतात, ते हजेरीपटच सांगेल. शिवाय तेव्हा घरात पैसा नसतो. चुकारे हाती आले की मगच वह्या, चपला, सहल. पहिली तारीख धरली तर ज्यांच्या घरी नोकरी आहे तीच मुले जातील, आणि बाकीची त्यांच्याकडून गोष्टी ऐकतील. एसटी शाळेच्या सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, तेव्हा लक्झरीचा हट्टही सोडावा.

आणि पाखरे काही पळून जात नाहीत. पट्टकदंब नावाचा हंस तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. तिकडची तळी गोठतात, खायला काही उरत नाही, म्हणून तो आणि कितीतरी जातींची बदके थंडीत आपल्या देशात उतरतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. उलट जानेवारीत लहान डबकी आटू लागली की पाणपक्षी मोठ्या तलावावर जमतात. म्हणजे उशिरा जाऊन आपले नुकसान काहीच नाही.

नवेगावचा तलाव देवाने केलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी १८ व्या शतकात तो बांधला असे सांगतात. लोकांनी त्यांना कोलासूर देव मानले, तलावाजवळ त्यांचे ठाणे आहे. भोवतालचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले. पाखरांची मराठी नावे शोधायची तर त्यांचा पक्षिकोश आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात त्या आठवड्याला पक्षी सप्ताह म्हणतात.

आमचे बाबा म्हणाले, "पाखरं पाह्याले येवढ्या दूर कायले जाता? आपल्या वावरात का कमी हायेत?" सगळे हसले, पण मला ते अर्धे पटले. ज्याला घरचा बगळा आणि वंचक वेगळा ओळखता येत नाही, त्याला तिथे शंभर बदके दिसली काय आणि हजार काय, सारखेच! म्हणून पक्षी सप्ताहापासून दर शनिवारी सकाळी आपण वर्धा नदीच्या काठावर जावे. पाणकावळा, खंड्या, टिटवी, शेपटी हलवणारा धोबी, एवढे तरी चित्र काढून वहीत लिहावे. धोबी तर स्वतःच थंडीचा पाहुणा आहे. मग जानेवारीत नवेगावला गेल्यावर डोळे तयार असतील. हेही दुसऱ्या तारखेनेच जमते.

तिथे गेल्यावर ओरडायचे नाही, हे लिहायला नको. पण लिहिते, कारण मागच्या सहलीच्या गाडीत मी होते. पुष्कळ बदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. आपण गलका करून उडवली तर त्यांची झोप जाते आणि पोटातले अन्नही फुकट खर्च होते. गणवेशाचा पांढरा सदरा तिथे नको. मळखाऊ, जुने कपडे बरे. दुर्बीण एकच मिळाली तरी चालेल, रांग लावू.

आता खरी अडचण. नवेगाव इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पाखरे पाहायची तर पहाटे. म्हणजे एक रात्र मुक्काम आलाच. मुलांना कोणी काही विचारत नाही. आमच्या घरी मात्र माय पहिल्यांदा हेच बोलली, "पोरी रातच्या कुठी झोपतीन?" तिचा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर मुलींना घरी ठेवणे हे नव्हे. बाई तर येणार आहेतच. दोन-तीन आयांनीही सोबत यावे. त्यांनी तरी हिमालयापलीकडचा हंस कधी पाहिला आहे? जानेवारीत वेचा सरत आलेला असतो, त्यांनाही दोन दिवस निघता येईल.

कागद अजून तिथेच आहे आणि पेन दोरीला बांधला आहे. दुसऱ्या तारखेखाली आजपर्यंत सात सह्या आहेत. पालकांसाठी गुरुजींनी खाली जागा सोडली आहे, आणि अंगठा उठवायला शाईही टेबलावर ठेवली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी