टॅलीची वही

गोदीत जहाजातून गोण उतरली की टॅलीवाला रेघ मारतो. मोजणी जुळली नाही की अख्खी टोळी खोळंबते. गोण गेली कुठं, बोला!

मुंबई महापालिकेनं २०२५-२६ साली शिक्षणासाठी सुमारे ३,९५५ कोटी मांडले. मांडले म्हणजे कागदावर लिहिले. पोरापर्यंत काय पोचलं, त्याची रेघ कुणी मारली? २७ शालेय वस्तू फुकट द्यायची योजना आहे. चांगलीय, नावं ठेवत नाही. पण रेनकोट पाऊस ओसरल्यावर हातात पडला तरी दप्तरी 'वाटप झाले' असंच लागणार. पैसा खर्च अन् पोरगं भिजलेलं.

१२ मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात सरकारचा हाच हिशोब उघडा पाडला. शाळेत आलेल्या शंभरांतली चौथीपर्यंत पोचतात अठरा. शिक्षणावर माणशी खर्च १४ आणे, अन् अबकारीतून वसुली माणशी दोन रुपयांवर! खर्च किती, एवढंच विचारून ते गप्प बसले नाहीत. पोरं टिकली किती, तेही विचारलं. आपण पुतळ्याला हार घालतो, भाषण वाचत नाही.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. मधली सगळी बजेटं मांडणारं प्रशासन अन् मंजूर करणारा प्रशासक. गोदीत गोण उचलणाऱ्याच्या हाती टॅलीची वही देत नाहीत, दोस्तहो.

आता नगरसेवक आलेत. त्यांच्या दारात जा. नाहीच बोलले तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टँप: आपल्या वस्तीच्या शाळेत पहिलीत किती होती, दहावीला किती उरली, रेनकोट कुठल्या तारखेला आले?