आडवा बंब, करोल बाग आणि जानेवारीची सकाळ

ज्याने लहानपणी पहाटे उठून बंबात बंबफोड सारलेलं आहे, त्याला वाफेचं इंजिन समजावून सांगायला वेळ लागत नाही. तांब्याचं पिंप, मधोमध आरपार नळा, नळ्यात जाळ आणि भोवती पाणी. हा बंब आडवा करा, त्याची तोंडं पक्की झाळून बंद करा, वाफेला एकच अरुंद वाट ठेवा आणि त्या वाटेवर दट्ट्या बसवा. जगभरचे हौशी लोक ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर गॅसवर चालणारी जी छोटी इंजिनं पळवतात, त्यांतल्या पुष्कळांचा बॉयलर असाच एकनळी असतो. न्हाणीघरातल्या बंबाचं तोंड उघडं, म्हणून तो नुसता गुरगुरतो. या आडव्या बंबात तीन-चार बार दाब चढतो आणि हातभर लांबीचं यंत्र चार-सहा डबे ओढत चालू लागतं.

हे विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या आगगाडीसारखं नव्हे. ती गाडीही सुंदर असते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं आणि १९९८ मध्ये खुलं झालेलं लहान रेल्वेचं संग्रहालय पाहून आलेली मुलं महिनाभर दुसरं काही बोलत नाहीत. पण तिथली इंजिनं बटणाचं ऐकतात. वाफेचं इंजिन पाणी, आग आणि हवामान यांचं ऐकतं आणि मग, मर्जी असली तर, माणसाचं.

हे यंत्र उघड्यावर चालवायला देशातली उत्तम जागा दिल्ली आणि उत्तम ऋतू पौष-माघ. दिल्लीकर हे ऐकून कपाळाला हात लावतील. जिथे हिवाळा म्हणजे खोकला, मास्क आणि शाळांना सुट्टी, तिथे हा आणखी धूर कशाला? त्या आक्षेपाकडे यायचंच आहे. आधी थंडीकडे.

वाफ दिसत नाही. किटलीच्या तोंडापाशी जी बोटभर मोकळी जागा दिसते, तिथे खरी वाफ असते. तिच्यापुढचा पांढरा लोट म्हणजे गार हवेत थिजलेले पाण्याचे थेंब. मे महिन्यातल्या दुपारी, ४४ अंशांच्या कोरड्या हवेत छोटं इंजिन चालवलं तर धुराड्यातून काही निघतंय हेही कळत नाही, कारण निघालेली वाफ हवा जागच्या जागी पिऊन टाकते. जानेवारीत दिल्लीचं सरासरी किमान तापमान सात-आठ अंशांवर येतं आणि पहाटेची हवा दवाने जड झालेली असते. तेव्हा तेच इंजिन प्रत्येक ठोक्याला कापसाचा गोळा सोडतं. मुंबईला ही थंडी नाही आणि कोकणात तर नाहीच नाही.

थंडीचे त्रासही आहेत, आणि गंमत त्यांतच जास्त. इंजिनाच्या टाकीत भरलेला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. पाच अंशांच्या सकाळी त्याला टाकीबाहेर पडायचा उत्साह जेमतेम उरतो. त्यातून जो गॅस बाहेर पडतो तो टाकी आणखी गार करत जातो, त्यामुळे ज्योत दहा मिनिटांत मलूल होते. जाणकार यावर दोन उपाय करतात. एक म्हणजे ब्युटेनमध्ये प्रोपेन मिसळलेला गॅस वापरायचा, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांलाही उकळतो. दुसरा उपाय आजीच्या वळणाचा: गॅसची टाकी कोमट पाण्यात बसवायची. कोमटच, कढत नव्हे.

पेटवण्याचा विधी बघण्यासारखा असतो. मोठ्या सिरिंजने पाणी भरायचं, तेही शक्यतो ऊर्ध्वपातित, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आतून थर धरतात. तेलाच्या कुपीत जाड तेल घालायचं. गॅसचा कान जरासा पिळून काडी धुराड्याच्या तोंडाशी धरायची. ज्योत ‘भप्’ करून मागे नळ्यात शिरते आणि तिथेच घर करते. सहा-सात मिनिटं काही घडत नाही. मग दाबाचा काटा हलतो. आता वाफ सोडली तरी इंजिन जागचं हलत नाही. गार सिलिंडरांत शिरलेली वाफ तिथेच पाणी होते, आणि पाणी काही दाबलं जात नाही. हाताने पुढे-मागे ढकलावं लागतं. धुराडं गरम पाणी आणि तेलाचे शिंतोडे थुंकतं (बघे एक पाऊल मागे सरतात) आणि दहा-बारा ठोक्यांनंतर घसा मोकळा होऊन ते चालू लागतं.

उन्हाळ्यात हा खोळंबा थोडक्यात आटपतो. थंडीत लांबतो, कारण लहान यंत्र झटपट निवतं. इंजिन वीसपट लहान केलं की त्याचा पृष्ठभाग चारशेपट कमी होतो, पण पोटातलं पाणी आठ हजारपट. म्हणजे पाण्याच्या मानाने थंडी लागणारं अंग वीसपट जास्त. तान्ह्या बाळाला दुपटं लागतं तसं या बॉयलरला लाकडी पट्ट्यांचं वेष्टण लागतं, ते याचसाठी.

आता करोल बाग. अजमल खान रोडवरची गर्दी आणि गफ्फार मार्केटमधले मोबाइल एवढीच या भागाची ओळख ज्यांना आहे, त्यांनी एकदा बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरावं. तिथे सोन्याचांदीचं काम चालतं, आणि जिथे सोन्याचं काम तिथे गलाईवाला मराठी माणूस. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेली ही मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. दिल्लीही त्यांच्या वाटेवरची. सोनं गाळणं म्हणजे भट्टी, मूस आणि आगीचा रंग बघून तापमान ओळखणारा डोळा.

छोट्या बॉयलरला नेमकं हेच लागतं. चार बार दाबाला वाफेचं तापमान १५० अंशांच्या पुढे असतं. रेडिओ दुरुस्तीतलं कथिल-शिशाचं साधं सोल्डर १८३ अंशांना वितळू लागतं, म्हणजे पाणी आटलं की बॉयलरची शिवण उसवलीच. म्हणून तांब्याचा बॉयलर चांदीच्या डागाने झाळतात, सहाशे-सातशे अंशांना, टाकणखार लावून. युरोपातले हौशी लोक हे कसब पुस्तकं वाचून, दोन-तीन बॉयलर वाया घालवून शिकतात. बीडनपुऱ्यातला सोनार तोच डाग दिवसातून कितीतरी वेळा देतो. शेजारी नाईवाल्यात मोटरसायकलींचा बाजार आहे. लडाखला निघालेल्या बुलेट तिथे सजतात, तेव्हा लेथ, पितळी बुश आणि गॅसकेट यांचीही वाण नाही. एवढी सगळी सामग्री हाकेच्या अंतरावर असताना इथे एकही छोटं इंजिन चालत नाही, याला केवळ सवयीचा अभाव म्हणावं लागेल.

खऱ्या इंजिनांचाही या वस्तीला शेजार होता. करोल बागेला लागून असलेल्या सराय रोहिल्ला स्थानकावरून रेवाडीकडे मीटर गेजच्या गाड्या जात. त्या मार्गावरची रेवाडीची शेड १८९३ची. आज ती वाफेच्या इंजिनांचं जतनकेंद्र आहे. तिथेच ‘फेअरी क्वीन’ ठेवलेली आहे, १८५५ मध्ये लीड्सला घडलेली. १९९७ मध्ये तिला पुन्हा वाफेवर आणलं, तेव्हा तिच्या पर्यटक फेऱ्यांसाठी हिवाळ्याचेच महिने निवडले गेले. मोठ्या इंजिनाला जो ऋतू मानवतो, तो धाकट्यालाही मानवतो.

धुराचा आक्षेप मात्र हसून उडवण्यासारखा नाही. वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशाने १ जानेवारी २०२३ पासून राजधानी क्षेत्रात औष्णिक वीजकेंद्रं सोडून इतरत्र कोळसा जाळायला बंदी आहे. हवा बिघडली की हॉटेलांतल्या कोळशाच्या तंदुरीही बंद होतात. तेव्हा कोळशावरचं छोटं इंजिन दिल्लीच्या हिवाळ्यात पेटवूच नये, हे स्पष्ट म्हटलेलं बरं. हौशी मंडळींना हे कडू लागेल. इंग्लंडात १९२०च्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिकाच्या पानांवर याच प्रश्नावरून ‘बॉयलरांची लढाई’ जुंपली होती. लहान इंजिनाला स्पिरिटचा दिवाच बरा असं प्रस्थापित म्हणत होते, तर ‘एलबीएससी’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या लेखकाने कोळशावरच्या ‘आयेशा’ नावाच्या चिमुकल्या इंजिनाला माणसं ओढायला लावून दाखवलं. कोळसा जिंकला. दिल्लीत त्याने हरावं.

गॅसचा हिशेब वेगळा आहे. या इंजिनांच्या टाकीत एका वेळी तीस-चाळीस मिलिलिटर द्रवरूप गॅस मावतो आणि तो वीस-पंचवीस मिनिटं पुरतो. हा गॅस कुठला परदेशी पदार्थ नव्हे, घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन-प्रोपेनचंच मिश्रण असतं. कोपऱ्यावरचा चहावाला एका सकाळी जेवढा गॅस जाळतो, तेवढ्यात असं इंजिन कित्येक रविवार चालेल. धुराड्यातून निघतो तो पांढरा लोट बहुतेक पाण्याचा, थोडा तेलाचा. तरीही हवा ‘गंभीर’ श्रेणीत असेल त्या दिवशी मुलांना मैदानावर आणू नये, कारण त्या दिवशी त्यांनी तिथे धावूही नये.

दुसरी काळजी स्फोटाची. आपला बॉयलर कायदा २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणाऱ्या बॉयलरला लागू होत नाही, आणि या इंजिनांत मावतं पेलाभर पाणी. सरकारी तपासनीस येणार नाही, म्हणजे तपासणी आपली आपण करायची. ब्रिटनमधले क्लब नवा बॉयलर आधी गार पाण्याने भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाखाली तपासतात. पाणी दाबलं जात नसल्यामुळे शिवण फुटली तरी नुसती चिळकांडी उडते. सुरक्षा झडप, पाण्याची पातळी आणि ही चाचणी यांत सूट नको. आणि जागा उघडीच हवी. २०१९च्या फेब्रुवारीत करोल बागेतल्या एका हॉटेलला लागलेल्या आगीत १७ माणसं दगावली. त्या गल्ल्यांत, विजेच्या तारांच्या गुंत्याखाली, गच्चीवर हा खेळ मांडायचा विचारही कोणी करू नये.

मुलांना वाफ दाखवायची तर चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहेच, असं कोणी म्हणेल. आहे, आणि अप्रतिम आहे. माथेरानला १९०७ मध्ये जी गाडी सुरू झाली, तिच्या चार मूळ इंजिनांपैकी एक तिथे उभं आहे. ते घडवणाऱ्या बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याचंच, पतियाळाच्या एकरुळी गाडीचं इंजिनही तिथेच आहे. पण उभं इंजिन आणि चालतं इंजिन यांत फोटोतला आणि ताटातला लाडू एवढं अंतर आहे. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत नेरळ-माथेरान मार्गावर डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा वेश चढवला गेला. पर्यटकांना आवडतो, आवडू दे. पुण्याच्या पेशवे उद्यानातल्या फुलराणीनेही १९५६ पासून पिढ्या रमवल्या, तिच्याविरुद्ध कोण बोलेल? पण सोंगच पाहत वाढलेल्या मुलाला धुराड्यातून धूर का येतो हा प्रश्न पडत नाही. गार सिलिंडरात पाणी साचून अडलेलं इंजिन हाताने ढकललं की तो पडतो.

असा प्रश्न स्वस्तात पाडणारी वस्तू आपल्या जत्रांमध्ये पूर्वीपासून विकली जाते: पत्र्याची, मेणबत्तीच्या तुकड्यावर फटफटत जाणारी बोट. तीही वाफेवरच चालते, फक्त कोणी तसं सांगत नाही.

मग मागायचं ते एवढंच. दिल्लीच्या जवळजवळ प्रत्येक बागेत हिवाळ्यात बॅडमिंटनचं मैदान आखलेलं असतं, १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद. या इंजिनांना सुखाने वळायला तीन मीटर त्रिज्या पुरते, म्हणजे वळण रुंदीत नेमकं बसतं, आणि लांबीचा फायदा घेतला तर ३०-३२ मीटरचा लंबगोल मार्ग होतो. लाकडी घोड्यांवर कमरेइतक्या उंचीला मांडायचा, दुपारी उचलून ठेवायचा. जानेवारीतले चार रविवार, अजमल खान पार्कचा एक कोपरा, वाळूच्या दोन बादल्या आणि बीडनपुऱ्यातला एखादा गलाईवाला, ज्याला बॉयलरकडे बघताच कुठला डाग कच्चा आहे ते कळेल. महापालिकेला यासाठी समिती नेमावी लागणार नाही. समजूत घालावी लागेल ती बॅडमिंटनवाल्यांची. ते सकाळी सातला येतात, आणि वाफ सर्वांत गोरी दिसते तीही सातलाच.