पिठाचा कोंबडा आणि ट्रेमधला पेला



मुलांच्या गेमचा विषय निघाला की आपण बायका एकच प्रश्न विचारतो, "त्यात मारामारी आहे का?" नाही म्हटलं की खेळू देतो, हो म्हटलं की मोबाईल कपाटात. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. का, ते एका छोट्याशा गेमवरून सांगते. हो, मी स्वतः खेळलेय. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ मोठी असते!

गेमचं नाव 'ग्रॅव्हिटी बोन'. ब्रेंडन चुंग नावाच्या अमेरिकन माणसाने 'ब्लेंडो गेम्स' या आपल्या छोट्याशा स्टुडिओतून तो २००८ साली काढला आणि फुकट दिला. आपण एक गुप्तहेर असतो. गाव काल्पनिक, नाव नुएवोस आयर्स. माणसांची डोकी चौकोनी, खोक्यासारखी. मागे झेवियर कुगाटच्या वाद्यवृंदाची जुनी नाचाची गाणी वाजत असतात. सगळा मिळून वीसेक मिनिटांचा खेळ. आमच्या धाकट्याने तो कॉम्प्युटरवर उतरवून दिला आणि म्हणाला, "आई, तू हा खेळ. यात आपल्या हातात बंदूकच नाही."

त्याचं म्हणणं खरं आहे. गंमत अशी की हा गेम ज्या यंत्रणेवर उभा आहे ती 'क्वेक २' या १९९७ सालच्या गोळीबाराच्या गेमची. चुंग यांच्या पहिल्या आराखड्यात नेमबाजी जास्त होती. वर्षभर काम करताना चार वेळा रूप बदललं आणि ती मागे पडून हेरगिरी पुढे आली. म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रश्नाला हा गेम अगदी बरोबर उत्तर देतो. मारामारी? नाही. चला, पास.

आता त्यातलं पहिलं काम ऐका. मेजवानी चालली आहे. आपल्याला एका पाहुण्याला पेय नेऊन द्यायचं आहे, आणि त्या पेयात काहीतरी मिसळलेलं आहे. तो माणूस कोण, त्याने कुणाचं काय बिघडवलं, काही सांगत नाहीत. हुकूम आला, नेऊन दे. बस्स.

मी माऊस धरून चालत होते (दोनदा भिंतीवर आपटले, ते सोडा) आणि मनात विचार एकच, पेला लवकर पोचला पाहिजे. पोचला तेव्हा मला चक्क बरं वाटलं. काम फत्ते! मग लक्षात आलं की वाढण्याचं काम माझ्या ओळखीचं होतं म्हणून ते इतकं सोपं गेलं. आपल्या घरात पाण्याचा पेला कुणाच्या हातात देण्याआधी पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो आणि जीवाणी जपून परत पाण्यात सोडतो. ज्या हाताला ही सवय, तोच हात इथे कुणाला काय पाजतोय हे न विचारता ट्रे घेऊन निघाला. एखाद्या गेममध्ये बंदूक दिली असती तर मी पहिल्या मिनिटाला बंद केला असता.

"पण ते खोटं आहे ना, चित्र आहे," असं कुणी म्हणेल. धाकटाही तेच म्हणाला. त्याला मी पिठाच्या कोंबड्याची आठवण करून दिली. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं त्याच्याही आधीपासून ती आपल्याकडे सांगितली जाते. राजा जीव मारायला तयार नव्हता. आई चंद्रमतीने मधला मार्ग काढला, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दे. रक्ताचा थेंब नाही, जीव नाही. तरी त्या एका कृत्यापायी मायलेकांना जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं. पुढे राणीने त्या दोघांना जेवणातून विष घातलं, हेही त्याच कथेत आहे. वाढणाऱ्या हाताची धास्ती आपल्या पूर्वजांनाही होती तर.

म्हणून प्रत्येक गेम पाप आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्या ताईंशी माझं पटत नाही. मुलगा पडद्यावर बटण दाबतो म्हणजे पिठाच्या कोंबड्यासमोर सुरी घेऊन उभा असतोच असं नाही. राजाने देवीला खरा बळी दिल्याचं फळ मागितलं होतं, संकल्प केला होता. पोरगं कोडं सोडवत असतं. पण फरक संकल्पात आहे हे एकदा मान्य केलं, की "रक्त दिसतं का" हा प्रश्न गळून पडतो. मग विचारावं लागतं, हा खेळ तुझ्या मनाला कशाला हो म्हणायला लावतो?

आपल्याकडे त्याचा हिशोब तयारच आहे. जपमाळेचे १०८ मणी कसे येतात ते पाठशाळेत शिकवतात. समरंभ, समारंभ, आरंभ असे तीन. मन, वचन, काया तीन. स्वतः केलं, करवलं, अनुमोदन दिलं हे तीन. आणि चार कषाय. गुणाकार करा. यातलं 'करवलं' आणि 'अनुमोदन' हे गोळीबाराच्या गेममध्ये शोधून सापडत नाही, तिथे सगळं उघड असतं. या पेल्याच्या गेममध्ये तेच मुख्य आहे. आणि खऱ्या आयुष्यात आपल्या वाट्याला बंदूक येत नाही, ट्रे येतो. कुणाबद्दल सांगितलेली गोष्ट पुढे पोचवणं, सासरमाहेरचा निरोप थोडा तिखट करून देणं, हे सगळं ट्रेचंच काम.

गेमचा शेवटही सांगून टाकते. दुसऱ्या टप्प्यात पक्ष्यांचे फोटो काढायचे असतात. ते झालं की एक अनोळखी बाई आपल्याला गोळी घालते. तिच्या मागे धावत सुटायचं, आणि ती हाती लागत नाही, आपण उंचावरून कोसळतो. पडता पडता त्या हेराच्या गतआयुष्यातली चित्रं डोळ्यांसमोरून सरकतात. त्याचं काही आयुष्य होतं हे आपल्याला तेव्हाच कळतं! त्याला पुन्हा उठवायला हिरे विकत घ्या, जाहिरात बघा, उद्या परत या, असलं काहीही नाही. संपला म्हणजे संपला. फुकट म्हणवणारे आणि मुलांना महिनोन्महिने सोडत नाहीत असे गेम मला याहून जास्त काळजीचे वाटतात, मग त्यात नुसती फळं आणि गोळ्या जुळवायच्या असल्या तरी. परिग्रहाची ओढ लावायला रक्त लागत नाही.

धाकट्याशी या विषयावर जेवढं बोलणं झालं तेवढं दशलक्षणात प्रवचनाला शेजारी बसवूनही झालं नव्हतं. त्याचा मुद्दा होता की चुंग यांना हेच दाखवायचं असेल, न विचारता हुकूम पाळणारा शेवटी असाच पडतो. असेलही. मला वाटतं त्यांना मुख्यतः गंमत करायची होती आणि हा अर्थ आम्ही आमच्या घरचा लावला.

याच गेमचा पुढचा भाग, 'थर्टी फ्लाइट्स ऑफ लव्हिंग', २०१२ साली आला. तो विकत घ्यावा लागतो आणि त्यात बंदुका दिसतात, असं धाकट्याने आधीच कबूल केलंय. सहामाही परीक्षा झाली की बघू म्हटलंय, आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसणार, ही अट.