पुराचे संरक्षण वगळून विमा देण्याच्या पद्धतीबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक महोदय,
सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपनी,
विभागीय कार्यालय.

विषय : चिपळूण बाजारपेठेतील दुकाने, गोदामे व घरांच्या विम्यातून पुराचे संरक्षण काढून घेणे थांबवणे व इतर मागण्या.

संदर्भ : १) आमची यापूर्वीची निवेदने. २) आपल्या कार्यालयात झालेल्या बैठका (इतिवृत्त मिळालेले नाही).

महोदय,

याच विषयावरची आमची आधीची निवेदने आपल्या आवक विभागात पोचल्याचे शिक्के आमच्या फायलीत आहेत. उत्तर एकाचेही नाही. तरी पुन्हा लिहीत आहोत, कारण पावसाळा तोंडावर आला आहे आणि बाजारपेठेतील बऱ्याच पॉलिसींचे नूतनीकरण मे-जूनमध्येच येते. नियम आणि मुदती आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, म्हणून त्यांची उजळणी येथे करत नाही. जे घडते आहे तेवढेच लिहितो.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानांचे तळमजले बुडाले. वरून सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस, कोळकेवाडीकडून उतरणारे पाणी, समोरून खाडीची भरती, आणि मध्ये गाळाने उथळ झालेली नदी. याची कारणमीमांसा पुष्कळ झाली, अहवालही झाले. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी माल २००५ च्या खुणेच्या वर चढवून ठेवला होता. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. किराण्याच्या गोण्या, कापडाचे तागे, औषधे, वजनकाटे, फ्रीज, हिशेबाच्या वह्या आणि संगणक, सगळे चिखलात गेले. सरकारी मदत दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार रुपये होती. तिचा आम्ही अनादर करत नाही, पण त्या पैशांत शटर आणि वायरिंगसुद्धा पूर्ण झाले नाही. ज्यांची दुकाने पुन्हा उभी राहिली ती विम्याच्या पैशावर, कर्जावर किंवा घरातल्या सोन्यावर. त्यातला विमा हा एकच मार्ग असा होता की ज्याची किंमत आम्ही वर्षानुवर्षे आगाऊ मोजली होती.

त्या वेळी दावे निकाली काढण्यासाठी जे शिबिर झाले, त्यात आपल्या अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष सांगितले होते की पूर आला म्हणून कोणाचेही नूतनीकरण अडवले जाणार नाही. आमची मुख्य तक्रार याच शब्दाविषयी आहे.

नूतनीकरण कोणी अडवत नाही, हे खरे. पॉलिसी मिळते. मात्र त्यातला पूर गेलेला असतो.

प्रकार असा होतो. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी एजंटाचा फोन येतो. पहिल्यांदा तो वाढीव हप्ता सांगतो. दुकानदार घासाघीस करतो, शेवटी कबूल होतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन : वरून मंजुरी आली नाही, पूर आणि वादळ वगळून करून देतो, हप्ताही कमी होईल. दुकानदार म्हणतो, वगळू नका, जास्त पैसे घ्या. मग उत्तर मिळते की ४१५६०५ हा पिनकोड टाकला की संगणक पुढे जात नाही. हा नकार लेखी द्या म्हटले तर कोणी देत नाही. शाखा म्हणते विभागीय कार्यालय ठरवते, विभागीय कार्यालय म्हणते मुख्य कार्यालय ठरवते, मुख्य कार्यालयाला पत्र लिहिले तर ते कार्यवाहीसाठी शाखेकडे येते. एवढ्यात मुदत संपते. बँकेला पॉलिसीची प्रत हवी असते, म्हणून दुकानदार निमूटपणे पूर वगळलेली पॉलिसी घेतो. पुढे आपल्या नोंदीत लिहिले जाते की ग्राहकाने हा पर्याय स्वीकारला.

महोदय, पर्याय ग्राहकाला दिलेला आहे, कंपनीला नाही. ज्या दुकानदाराने जास्त हप्ता देऊ केला त्याने पूर वगळण्याचा पर्याय निवडला असे कोणत्या अर्थाने म्हणायचे, हे आम्हाला कोणीतरी समजावून सांगावे. चिपळूणच्या बाजारपेठेत माणूस विमा उतरवतो तो मुख्यतः पाण्याच्या भीतीने. आग, चोरी, दंगल या गोष्टी आहेतच, पण त्यांच्यासाठी रात्री कोणी जागत नाही. जुलैत मात्र सारी पेठ जागी असते.

यातही सर्वांत वाईट अवस्था कॅश क्रेडिटवर धंदा करणाऱ्यांची आहे. त्यांचा विमा बँकच परस्पर उतरवते आणि हप्ता खात्यातून वळता होतो. पॉलिसीची प्रत दुकानदाराच्या हातात पडतेच असे नाही. पडली तरी ती इंग्रजीत, बारीक टाइपात. पूर वगळला आहे हे त्याला कळते ते पाणी ओसरल्यावर, सर्व्हेअरच्या तोंडून. कधी पत्ता दुकानाचा आणि माल गोदामात, कधी दिवाळीसाठी भरलेला माल आणि विम्याची रक्कम तीन वर्षांपूर्वीची. मग सरासरीची अट लागते. २० लाखांच्या मालावर १० लाखांचा विमा असेल तर ८ लाखांच्या नुकसानीचे ४ लाख हातात येतात, आणि त्यातूनही वजावट. कर्जाचे व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू राहते. बँक आणि कंपनी यांच्यातला हा व्यवहार दुकानदाराच्या पैशाने आणि त्याच्या माघारी होतो. तो समोर घेऊन करावा, ही मागणी आम्ही दोन बैठकांत मांडली. दोन्ही वेळा ‘बँकांना पत्र पाठवतो’ असे उत्तर मिळाले. एका बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना आम्ही विचारले, त्यांना असे पत्र आलेले नव्हते.

घरांची स्थिती थोडी बरी आहे. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर समाविष्ट आहे, सरासरीची अट नाही, आणि हे आमच्या कित्येक रहिवाशांना अजून माहीतही नाही. त्याचा प्रचार आपण का करत नाही, याबद्दल आमचे काही तर्क आहेत, ते इथे लिहीत नाही. दुकानांसाठीची भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीही त्याच दिवशी, १ एप्रिल २०२१ ला आली. तिची शाई वाळते न वाळते तोच महापूर आला. लहान व्यापाऱ्याला सोप्या भाषेत, एकसारख्या अटींवर संरक्षण मिळावे हा तिचा हेतू होता. ज्या पेठेत तिची सर्वाधिक गरज आहे तिथे ती मोडून-तोडून विकली जाते.

आपल्या बाजूचे म्हणणेही आम्ही ऐकले आहे. हवामान बदलले, अतिवृष्टी वाढली, पुनर्विमा महाग झाला, कंपनीलाही ताळेबंद आहे. हे आम्ही नाकारत नाही. हवामान बदलल्याचे आम्हाला कोणी पटवून देण्याची गरजही नाही. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ चे तौक्ते आणि जुलै २०२१ चा महापूर, हे सगळे कोकणाने चौदा महिन्यांच्या आत सोसले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच सांगितले होते. म्हणजे हा धोका कंपनीला अचानक कळलेला नाही. पूर क्वचित येत होता तोवर आमचे हप्ते गोड लागले. आता तो वरचेवर येण्याची शक्यता दिसताच आम्हीच नकोसे झालो. अतिवृष्टीला जी कारणे आहेत त्यांत चिपळूणच्या किराणा दुकानदाराचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडला तर तो आम्हाला जरूर पाठवावा.

हप्ता वाढवूच नका, असे आमचे म्हणणे नाही. वाढवा, पण धोका पाहून वाढवा. एका पिनकोडात नदीकाठची पेठही येते आणि उंचावरची वस्तीही. दोघांना एकच दर आणि एकच नकार. २०२१ नंतर अनेकांनी पोटमाळे बांधले, विजेची बटणे आणि मीटर वर घेतले, गोदामे उंचावर हलवली, पावसाळ्यात खालच्या फळ्या रिकाम्या ठेवायला सुरुवात केली. हे पाहायला आपल्याकडून कोणी आले नाही. नागरिकांनी उपोषण केल्यावर वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले. तेव्हा आपल्याच बैठकीत सांगितले गेले होते की गाळ निघू द्या, मग दराचा फेरविचार करू. त्यानंतर गाळाचे डोंगर काठावर आणि रस्त्याकडेला आम्ही पाहिले. फेरविचार कोणाला दिसला असल्यास सांगावे.

उलट नवीनच एक अडचण निघाली आहे. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेत शहराचा मोठा भाग येतो. त्या रेषांबद्दल नागरिकांचे आक्षेप आहेत, तो वाद वेगळा. पण पूररेषा ही बांधकामाच्या नियंत्रणासाठी आहे. आता प्रस्ताव अर्ज घेऊन गेले की एजंट विचारतो, निळ्या रेषेच्या आत की बाहेर? आत म्हटले की कागद परत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेत जो राहतो त्याला पुराचा विमा द्यायचा नाही, तर तो कोणाला द्यायचा?

एकट्या कंपनीला हा भार झेपत नसेल तर तसे उघड सांगून वर प्रस्ताव पाठवावा. दहशतवादी हल्ल्यांची जोखीम पुनर्विमा कंपन्या घेईनात तेव्हा २००२ मध्ये देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक जोखीम-निधी (‘पूल’) उभा केलाच ना? ब्रिटनमध्ये २०१६ पासून फ्लड री नावाची व्यवस्था पूरप्रवण घरांची जोखीम सर्व कंपन्यांवर वाटून टाकते. ती दुकानांना लागू नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तिची नक्कल करा असे म्हणत नाही. ज्यांच्याकडे आकडेवारी आहे आणि अभ्यासासाठी पगारी माणसे आहेत, त्यांनी विचार सुरू करावा, इतकेच.

आमच्या मागण्या :

१) या हंगामातील कोणत्याही दुकान, गोदाम किंवा घराच्या नूतनीकरणातून पुराचे संरक्षण ग्राहकाच्या स्वतंत्र, मराठीतील लेखी संमतीशिवाय काढू नये. कंपनीला ते द्यायचेच नसेल तर कारणासह, अधिकाऱ्याच्या सहीने, मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावे, म्हणजे दुकानदाराला दुसरीकडे जाता येईल किंवा दाद मागता येईल. एजंटाच्या फोनवरचा नकार आम्ही यापुढे नकार मानणार नाही. ज्यांची पॉलिसी मागील वर्षी पूर वगळून झाली आहे त्यांना योग्य वाढीव हप्ता घेऊन ते संरक्षण १ जूनपूर्वी परत जोडून द्यावे. ही एक मागणी मान्य झाली तर बाकीच्यांसाठी आम्ही थांबू शकतो. हिच्यासाठी थांबू शकत नाही.

२) बँकेमार्फत उतरवलेल्या प्रत्येक पॉलिसीची प्रत व मराठी सारांश थेट दुकानदाराला पाठवावा. त्यात पूर आहे की नाही, पत्ता कोणता आणि रक्कम किती, हे पहिल्या पानावर असावे.

३) पिनकोडऐवजी जागेची पाहणी करून दर ठरवावा. पोटमाळा, उंचावरील गोदाम अशा उपायांना सूट द्यावी.

४) पूर आल्यास महसूल खात्याचा पंचनामा ग्राह्य धरून काही रक्कम तातडीने द्यावी. २०२१ मध्ये राज्य शासनानेही कंपन्यांकडे असाच आग्रह धरला होता.

५) वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, घर-दुकानाच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे. घरमालकाला आणि कंपोझिशनमधल्या लहान दुकानदाराला त्याचा परतावाही मिळत नाही. हे आपल्या हातात नाही, पण शिफारस आपल्या हातात आहे.

६) शाखेत मराठी बोलणारा, निर्णयाचे अधिकार असलेला एक अधिकारी जून ते सप्टेंबर नेमावा.

या मागण्यांवर चर्चेसाठी बैठक लावल्यास आम्ही येऊ. मात्र या वेळी तिचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन, प्रत हातात मिळावी. मागील बैठकांतील आश्वासने आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवली आहेत, आपल्याकडे ती कोठे लिहिली आहेत हे आम्हाला सापडले नाही. १५ मेपर्यंत लेखी उत्तर न आल्यास आपल्या कार्यालयासमोर आम्ही व्यापारी व रहिवासी पूर वगळलेल्या पॉलिसींच्या प्रती घेऊन धरणे धरू. पोलीस ठाण्याला त्याची आगाऊ सूचना वेगळी दिली जाईल.

कळावे,

आपले,
चिपळूण बाजारपेठेतील व्यापारी, गोदामधारक व रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : जिल्हा प्रशासन, स्थानिक लोकप्रतिनिधी, अग्रणी बँक.