नवरंगला खोटी हाक

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. आमच्या औशाला सोयाबीन, तूर, ऊस आणि बांधावरची चार लिंबं. त्यामुळं नवरंग बघायचा तर मला पुण्याहून घाट उतरून कोकणात जावं लागतं. आणि जूनमध्ये त्या झाडीत हल्ली पक्ष्यांपेक्षा ब्लूटूथ स्पीकरच जास्त ओरडतात.

नवरंग जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा. हिवाळा दक्षिण भारतात, श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर येतो. शीळ घालून तो आपली हद्द सांगतो. तीच शीळ आपण फोनवर लावली की त्याला वाटतं, दुसरा नर घुसला. मग चरणं, घरटं सोडून तो भांडायला उघड्यावर येतो आणि आपल्याला फ्रेम मिळते. मी बॅकएंडवर काम करतो. खोट्या रिक्वेस्ट पाठवून सर्व्हर दमवणाऱ्याला आम्ही हल्लेखोर म्हणतो. इथं त्यालाच लाईक्स पडतात.

‘फोटोमुळं जागृती होते’ हे उत्तर पाठच झालंय. कसली जागृती? खाली पहिली कमेंट ‘लोकेशन प्लीज’ असते. ईबर्ड संवेदनशील प्रजातींच्या जागा लपवतं, आपण थेट मॅपची पिन टाकतो. मग कुणीतरी ‘क्लीन’ फोटोसाठी घरट्यापुढची फांदी मोडतो आणि आड असलेलं घरटं शिकाऱ्या पक्ष्यांना, सापांना उघडं पडतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणंही येतं. बंदूक लागतेच असं नाही.

‘शीळ लावल्याशिवाय दिसतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी : तमिळमध्ये याला ‘आरुमणि कुरुवी’ म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो स्वतःहून बोलतो. गुमान बसा, ऐका. कधी फोटो मिळणार नाही, मग? हातात एवढी मोठी लेन्स आहे म्हणून पक्ष्यानं समोर यायलाच पाहिजे असं थोडंच आहे!

गाईडला शिव्या घालणं सोपंय. पण तो स्पीकर लावतो, कारण शनिवार-रविवारच्या दीड दिवसात गिऱ्हाईकाला, म्हणजे आपल्याला, दिसण्याची हमी हवी असते. पैसे त्याच्या माहितीचे द्या, हमीचे नको. बुकिंग करतानाच सांगा, स्पीकर नको, पक्षी नाही दिसला तरी पैसे पूर्ण देईन. स्पर्धावाल्यांनी घरट्याचे फोटो सरळ बाद करावेत. आणि ग्रुप ॲडमिननी ती ‘लोकेशन प्लीज’ आजपासून उडवायला घ्यावी.