घरशाळा कुणाची, घरकाम कुणाचे?

‘शाळेत घालत नाही, घरीच शिकवतो,’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या घरांतून ऐकू येते. एक घर शहरातले, सुशिक्षित. शाळेतल्या घोकंपट्टीला विटून आईबापांनी मुलाला विचारपूर्वक घरी ठेवलेले. दुसरे घर वस्तीतले. धाकट्या भावाला सांभाळायला, पाणी भरायला, भाकऱ्या थापायला पोरगी घरी बसवलेली. शाळेच्या बाई चौकशीला आल्या की ‘घरी अभ्यास करते’ असे उत्तर तयार. कायद्याला या दोन घरांतला फरक दिसत नाही. आमचे भांडण आहे ते इथे.

मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम १० नुसार मूल जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळल्यास या कायद्यात शिक्षा नाही. नसावीच. ऊसतोडीला जाणाऱ्या आईला दंड करून पोरगी शाळेत पोचणार नाही. खरी सक्ती आहे ती सरकारवर. प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, ही जबाबदारी कलम ८ ने सरकारवर टाकली आहे. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे.

घरी शिकण्याचा उल्लेख २०१२ च्या दुरुस्तीत आहे, तोही बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांपुरता. तो मुलाचा हक्क आहे, शाळेने जबाबदारी झटकण्याची सोय नव्हे. इतरांच्या बाबतीत कायदा ना हो म्हणतो, ना नाही. नोंदणी नाही, तपासणी नाही.

घरशाळेचे समर्थक म्हणतात, सरकारने घरात डोकावू नये. ‘हा आमच्या घरचा मामला’ हे वाक्य आपण नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही ऐकत आलो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्या वाक्याला मिळालेले उत्तर आहे. मग शिक्षणापुरते घर पवित्र कसे? आणि घरी शिकवते कोण? बहुतेक वेळा आई. नोकरी सोडते तीच, आणि तिच्या या श्रमांनाही ‘घरीच असते’ म्हणायचे!

२०१६ मध्ये बालमजुरी कायदा बदलला आणि शाळेच्या वेळेनंतर व सुटीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुलांना मुभा मिळाली. जिची शाळाच घरात, तिची शाळा सुटते कधी? ते कोण ठरवणार?

दहावीला १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. हे दरवाजे उघडे राहिलेच पाहिजेत. पण परीक्षेचा फॉर्म म्हणजे शिक्षण नव्हे. फॉर्म भरायच्या वयात किती पोरींच्या हळदीची तयारी चाललेली असते, हे आपल्याला माहीत आहे.

शाळा चांगल्या नाहीत, हे आम्हालाही मान्य आहे. तरीही गरीब मुलीला घराबाहेर चार तास मोकळे देणारी जागा बहुधा शाळाच असते. म्हणून आमची मागणी साधी आहे. घरी शिकवायचे त्यांनी खुशाल शिकवावे, पण नोंद करून. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाने त्या मुलीशी, घरच्यांना बाजूला ठेवून, बोलावे.

आणि कायद्याची वाट पाहत बसू नका. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या आपल्या बायकांनी भराव्यात. वस्तीतल्या घरी बसलेल्या मुलींची यादी करून तिथे मांडावी. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. सुटलेल्या मुलीला वयानुरूप वर्गात बसवून मागचे शिकवणे कलम ४ प्रमाणे बंधनकारक आहे.

‘घरी शिकते’ असे कुणी सांगितले, की एवढेच म्हणा: तिची वही दाखवा, आणि तिलाच बोलू द्या.